वाचकांचे प्रश्न : मूत्रपिंडे गाळतात किती, परत घेतात किती

मूत्रपिंडांच्या कार्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. तपासणीचे अहवाल पाठवून औषध विचारणारी पत्रेही बरीच आली. परंतु रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता त्यांना उत्तर देणे योग्य ठरणार नाही, म्हणून ती बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मूत्रपिंडे दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात असे छापले आहे. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर आणि दिवसभराची लघवी दीड-दोन लिटर. मग हे १८० लिटर आले कोठून आणि गेले कोठे? की हा मुद्रणदोष समजावा?
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : आकडा बरोबर आहे. तो पटत नाही याचे कारण असे की, मूत्रपिंडे रक्तातली घाण तेवढी वेचून बाहेर टाकतात आणि चांगला भाग रक्तात जागच्या जागी राहतो, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षातला क्रम जवळजवळ याच्या उलट आहे.

आधी हिशेब मांडू. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरात ढकलते. त्यातला पाचवा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, म्हणजे एक लिटरहून जास्त रक्त दर मिनिटाला दोन्ही मूत्रपिंडांत जाते. दोन्ही मिळून त्यांचे वजन जेमतेम तीनशे ग्रॅम भरते, हे लक्षात घेतले की हा वाटा किती मोठा आहे ते कळते. या रक्तातला पेशींचा भाग वगळला तर मिनिटाला सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर रक्तद्रव उरतो आणि त्याचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे १२५ मिलिलिटर, गाळून नलिकांमध्ये उतरतो. दिवसाची १४४० मिनिटे धरून गुणाकार केला की १८० लिटर होतात. शरीरातला एकूण रक्तद्रव तीन लिटरच्या आसपास असल्यामुळे तोच तो रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. पाच लिटर रक्त आणि १८० लिटर गाळीव द्रव यांत विसंगती नाही ती यामुळे.

हे काम नेफ्रॉन नावाचे सूक्ष्म घटक करतात. प्रत्येक मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाख असतात, मात्र ही संख्या माणसामाणसांत बरीच कमीजास्त असते. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशिकांचा, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा, एक गुच्छ असतो आणि त्यापुढे काही सेंटिमीटर लांबीची वळणावळणांची नळी असते. गुच्छात रक्त आणणारी धमनिका रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद असल्यामुळे आत दाब टिकून राहतो, आणि त्या दाबाने पाणी, मीठ, साखर, अमिनो आम्ले, युरिया असे जे जे लहान रेणूंचे आहे ते सगळे, हवे-नको न पाहता, नळीत उतरते. निवड होते ती त्यानंतर. नळीच्या भिंतीतल्या पेशी शरीराला जे हवे ते उचलून पुन्हा रक्तात पाठवतात, आणि जे कोणी उचलत नाही ते लघवी म्हणून बाहेर जाते. दिवाळीच्या आवराआवरीत घरातले सगळे सामान अंगणात काढावे आणि हवे तेवढेच पाहून पाहून पुन्हा घरात न्यावे, अशी ही रीत आहे.

किती परत घेतले जाते याचा अंदाज मिठावरून येईल. १८० लिटर गाळीव द्रवातून दिवसाला जेवढे सोडियम नळ्यांत उतरते त्याचे मीठ मोजले तर ते जवळजवळ दीड किलो भरते. त्यातले काही ग्रॅमच लघवीतून जातात. साधारणपणे आपण जेवणातून जेवढे घेतले असेल तेवढेच. साखरही सुमारे १८० ग्रॅम उतरते, आणि निरोगी माणसात ती जवळजवळ पूर्णपणे परत घेतली जाते. पाण्याचे ९९ टक्के परत येते. या परतफेडीला शक्ती लागते. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकी असलेली मूत्रपिंडे शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सात-आठ टक्के वापरतात, आणि तो मुख्यतः सोडियम परत उचलण्यात खर्च होतो. गाळण्याचे काम हृदयाने दिलेल्या दाबावर होऊन जाते.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा पुढचा प्रश्न आपण नक्की विचाराल. टाकायचे तेवढेच वेचून टाकायचे ठरवले असते तर प्रत्येक टाकाऊ पदार्थ ओळखणारी वेगळी व्यवस्था शरीराला बाळगावी लागली असती, आणि पूर्वी कधी न आलेला पदार्थ रक्तात आला की ती अडून बसली असती. सगळेच बाहेर काढून हवे तेवढे उचलण्याच्या पद्धतीत हवे असलेले मोजके पदार्थ ओळखता आले की पुरते. एखादे औषध गेल्या वर्षी प्रयोगशाळेत तयार झालेले असते, मानवी शरीराचा त्याच्याशी कधीही संबंध आलेला नसतो. तरीही त्याचा रेणू लहान आणि पाण्यात विरघळणारा असेल तर ते मुकाट बाहेर पडते, कारण त्याला परत नेणारे कोणी नसते. चरबीत विरघळणाऱ्या पदार्थांना ही युक्ती लागू पडत नाही. त्यांना आधी यकृतात पाण्यात विरघळण्याजोगे व्हावे लागते.

वेचून टाकण्याची सोयही नळ्यांमध्ये अगदीच नाही असे नाही. काही आम्ले आणि औषधे नळीच्या पेशी रक्तातून ओढून थेट लघवीत सोडतात. पेनिसिलिन त्यांपैकीच एक. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये ज्या पहिल्या काही रुग्णांना पेनिसिलिन टोचले गेले त्यांत एक पोलीस शिपाई होता. औषधाचा साठा इतका तुटपुंजा आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकण्यात इतकी तत्पर, की त्याची लघवी गोळा करून तिच्यातून पेनिसिलिन परत काढावे लागत असे. साठा संपला आणि तो रुग्ण दगावला.

‘गाळणे आणि परत घेणे’ या सिद्धांताचा पुरावाही सांगण्याजोगा आहे. इटलीतल्या मालपिगी यांनी १६६६ मध्ये केशिकागुच्छांचे वर्णन केले. १८४२ मध्ये लंडनच्या बोमन यांनी गुच्छ आणि नळी यांचा जोड दाखवला, आणि त्याच वर्षी जर्मनीत लुडविग यांनी हे काम दाबाने होत असावे असे मांडले. पण पाहिले कोणी? ते १९२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्न आणि रिचर्ड्स यांनी पाहिले. बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकेका गुच्छाभोवतालच्या वाटीत त्यांनी केसाहून बारीक काचेची नळी घातली आणि तिथला थेंबभर द्रव तपासला. त्यात प्रथिने नव्हती, पण साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. मधल्या वाटेत ती कोणीतरी परत घेतली होती, याहून स्वच्छ पुरावा काय हवा?

प्रश्न : माझ्या यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. हल्ली त्यांच्या लघवीला फेस येतो. शेजारी म्हणतात की जोराने लघवी झाली की फेस येतोच. यात काळजी करण्यासारखे आहे का?
— गृहिणी, पुणे

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जोराच्या धारेमुळे आलेला फेस थोड्याच वेळात विरतो. परंतु वारंवार येणारा आणि बराच वेळ टिकणारा फेस असेल, त्यातून मधुमेह बारा वर्षांचा असेल, तर तपासणी टाळू नये.

केशिकागुच्छाची भिंत तीन थरांची असते : आत छिद्रे असलेल्या पेशींचा अस्तर, मध्ये एक पातळ पटल, आणि बाहेर बोटांत बोटे गुंफावीत तशा एकमेकींत अडकलेल्या पेशींचे आवरण. रक्तपेशी पहिल्या थरातूनच परत फिरतात. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रमुख प्रथिन मात्र बरेच लहान असते. त्याला रोखण्यासाठी शेवटच्या थरातल्या अरुंद फटी लागतात, आणि अल्ब्युमिन व भिंत या दोहोंवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते काहीसे दूरही ढकलले जाते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने हे थर बिघडतात, बाहेरच्या पेशी गळून पडतात, आणि अल्ब्युमिन पाझरू लागते. प्रथिने द्रवाला फेसाळ करतात.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की फेस दिसण्याच्या कितीतरी आधी ही गळती सुरू झालेली असते. त्यासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्याशी असलेले प्रमाण मोजतात; ते एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असावे. पट्टी बुडवून केलेल्या साध्या तपासणीत थोडी गळती निसटते, म्हणून प्रत्येक मधुमेही व्यक्तीने ही मोजणी वर्षातून एकदा मागून घ्यावी. ताप, जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे अतिश्रम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो, त्यामुळे एका अहवालावर निष्कर्ष काढला जात नाही.

मधुमेहात लघवीतून साखर जाते ती याच पहिल्या उत्तरात सांगितलेल्या हिशेबाने. साखर उचलणाऱ्या पेशींची क्षमता ठरलेली असते; रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की त्यांना सगळी उचलता येत नाही, उरलेली साखर आपल्यासोबत पाणीही ओढून नेते आणि सारखी लघवी होऊ लागते. गंमत अशी की याच उचलण्याला मुद्दाम अडवणारी औषधे आता मधुमेहात दिली जातात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असते ती ही औषधे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या काढलेल्या फ्लोरिझिन या द्रव्यापासून त्यांची वाट निघाली. लघवीतून साखर घालवण्यापुरती ती आणली गेली, पण त्यांच्यामुळे केशिकागुच्छांवरचा दाब उतरतो आणि मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले. यजमानांना ती योग्य आहेत का, हे त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रश्न : मे महिन्यात दिवसभर रानात काम केले तर लघवी दोनदाच होते, तीही गडद पिवळी. पावसाळ्यात मात्र घडोघडी जावे लागते. उन्हाळ्यात मूत्रपिंडे कमी काम करतात का? रोज पाच लिटर पाणी प्यावे असे काही जण सांगतात.
— शेतकरी, जळगाव जिल्हा

उत्तर : उन्हाळ्यात गाळण्याचे काम जवळजवळ तेवढेच चालते, पाणी परत घेण्याचे काम मात्र कमालीचे वाढते. गडद आणि थोडी लघवी हे मूत्रपिंडांनी पाणी राखल्याचे चिन्ह आहे.

घाम जाऊन रक्त एक-दोन टक्क्यांनीही दाट झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ते कळते. तहान लागते, आणि पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते नेफ्रॉनच्या शेवटच्या भागात पोहोचले की तिथल्या पेशींच्या आवरणात पाण्यापुरती दारे बसतात. ही दारे म्हणजे एक प्रथिन आहे. या प्रकारच्या प्रथिनाचा शोध अमेरिकेच्या पीटर अग्रे यांनी लावला आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. पण नुसते दार उघडून पाणी बाहेर येत नाही, बाहेरून ओढ असावी लागते. ती ओढ निर्माण करण्यासाठी नेफ्रॉनची नळी मध्येच मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरून पुन्हा वर येते. उतरणाऱ्या बाजूतून पाणी निघून जाते. चढणाऱ्या बाजूतून मीठ बाहेर टाकले जाते, पाणी मात्र जाऊ दिले जात नाही. अशा उलटसुलट प्रवाहांमुळे गाभ्यातले क्षारांचे प्रमाण रक्ताच्या चौपट होते. शेवटची नळी याच गाभ्यातून जाते, आणि दारे उघडी असतील तर तिच्यातले पाणी झरझर शोषले जाते. पावसाळ्यात घाम कमी, संप्रेरक कमी, दारे बंद. म्हणून लघवी भरपूर आणि पातळ. माणसाची लघवी रक्ताच्या चौपट दाट होऊ शकते आणि सहाव्या हिश्शाइतकी पातळही होऊ शकते.

या ताकदीला दोन्हीकडून मर्यादा आहेत. रोजचा युरिया आणि क्षार बाहेर टाकायला, लघवी कितीही दाट केली तरी, निदान अर्धा लिटर पाणी खर्चावेच लागते. त्याहून कमी लघवी होत असेल तर टाकाऊ पदार्थ साचू लागतात. दुसऱ्या बाजूला, तासाला पाऊण-एक लिटरहून जास्त पाणी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. त्यापलीकडे पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येऊ शकते. म्हणूनच पाच लिटरचा सरसकट नियम मला मान्य नाही. घरात बसलेल्याला तेवढे नको, आणि भर उन्हात खुरपणी करणाऱ्याला एखाद्या दिवशी तेवढेही पुरणार नाही. तहान लागताच थोडे थोडे प्यावे, घाम खूप गेल्यास लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहील एवढे पाहावे. मुतखडा होऊन गेलेल्यांनी अधिक पाणी प्यावे, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच.

आपल्या प्रश्नाला धरून आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांतल्या ऊसतोड मजुरांमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसताना, तरुण वयातच मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. त्याची सगळी कारणे निश्चित झालेली नसली तरी रोजच्या रोज उन्हात शरीर कोरडे पडणे हे त्यांतले प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडचा ऊसतोड कामगारही तेच काम करतो. त्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय हा दयेचा विषय मानला जाऊ नये.

आणि उन्हातून आल्यावर अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर ती सोडावी. शरीर कोरडे पडले असताना मूत्रपिंडे विशिष्ट द्रव्यांच्या साहाय्याने आपली धमनिका उघडी ठेवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, आणि गाळण्याचे काम अचानक मंदावते.

प्रश्न : रक्तदाबाच्या रुग्णाला मूत्रपिंडांची तपासणी का सांगतात? औषध सुरू केल्यावर माझे क्रिएटिनिन थोडे वाढले, म्हणून मी गोळी बंद केली आहे.
— व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : गोळी परस्पर बंद करायला नको होती. डॉक्टरांना आजच कळवावे.

रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांचे नाते दुहेरी आहे. गाळण्यासाठी ठरावीक दाब लागतो, म्हणून प्रत्येक गुच्छाच्या दाराशी दाबावर पहारा करणाऱ्या पेशी असतात. दाब उतरला की त्या रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक निघून मीठ परत घेण्याचे प्रमाण वाढते. मिठामागे पाणी येतेच. जुलाब किंवा रक्तस्राव झाल्यावर हीच यंत्रणा जीव वाचवते. लोणची, पापड, फरसाण यांच्या मार्गाने मीठ भरपूर येत असूनही ती जागी राहिली तर मात्र दाब चढतो. चढलेला दाब गुच्छांना जखमी करतो. उरलेल्या नेफ्रॉनना मीठ पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि दाब आणखी चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभर मीठ सांगितले आहे, आणि त्यात वरील सर्व पदार्थांतले मीठ धरलेले आहे.

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या ही साखळी तोडतात. त्यांतली पहिली, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरील संशोधनातून निघाली. या गोळ्यांनी गुच्छातून बाहेर नेणारी धमनिका सैल होते, आतला दाब उतरतो आणि सुरुवातीला गाळण थोडे कमी होते. म्हणूनच क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढले तरी सहसा गोळी चालू ठेवतात. गुच्छांना मिळालेल्या विसाव्याचा फायदा पुढे दिसतो. याहून अधिक वाढ झाली, किंवा जुलाब-उलट्या चालू असल्या, तर गोष्ट वेगळी. त्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

प्रश्न : माझ्या २८ वर्षांच्या मुलाचे आणि ७४ वर्षांच्या आईचे क्रिएटिनिन सारखेच, १.१ आले. मुलाला काही नाही म्हणाले आणि आईची मूत्रपिंडे कमजोर झाली आहेत असे सांगितले. हे कसे?
— बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, ते शरीराला उपयोगी नसते, आणि नळ्या ते परत घेत नाहीत, म्हणून गाळण किती होते याचा अंदाज त्यावरून बांधतात. परंतु रक्तातली त्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते : ते तयार किती होते आणि बाहेर किती जाते. तरुण मुलाच्या भरदार स्नायूंतून ते भरपूर तयार होते आणि तेवढेच बाहेरही जाते. आजींचे स्नायू कमी, त्यामुळे ते तयारच थोडे होते. तरीही पातळी १.१ असेल तर बाहेर जाणे मंदावले आहे असाच त्याचा अर्थ होतो. वय आणि लिंग विचारात घेणाऱ्या, सध्या मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या सूत्रात हे आकडे घातले तर मुलाचे गाळण मिनिटाला सुमारे ९४ मिलिलिटर आणि आपल्या आईचे सुमारे ५३ येते. हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. वयोमानाने गाळण थोडे उतरतेच, त्यामुळे लघवीत अल्ब्युमिन नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. औषधांच्या मात्रा मात्र या आकड्यानुसार ठरवाव्या लागतात.

क्रिएटिनिन ‘नॉर्मलच्या आत’ आहे म्हणून निश्चिंत राहणे ही एक मोठी फसगत आहे. एखाद्याचे मूळचे ०.७ असलेले क्रिएटिनिन १.३ झाले तर ते अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर अजून मर्यादेतच दिसेल; प्रत्यक्षात त्याचे जवळजवळ निम्मे गाळण गेलेले असते. म्हणून जुने अहवाल फेकू नयेत.

प्रश्न : काकांना मूत्रपिंडाचा आजार आहे. हिमोग्लोबिन आठवर आले आहे, लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही. मूत्रपिंडाचा आणि रक्ताचा काय संबंध?
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, पण त्या किती तयार करायच्या याचा निरोप मुख्यतः मूत्रपिंडांतून जातो. तिथल्या काही पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात. मूत्रपिंडाचा ऱ्हास झाला की हा निरोपच जात नाही, आणि मग लोह असूनही रक्त वाढत नाही. हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९७७ मध्ये, शिकागो विद्यापीठात. त्यासाठी जपानमधल्या पंडुरोगाच्या रुग्णांची अडीच हजार लिटर लघवी आटवावी लागली होती. आता ते इंजेक्शनच्या रूपात मिळते. काकांच्या शरीरात लोहाचा साठा पुरेसा आहे का हे आधी तपासून मग ते सुरू करतात. ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचा शेवटचा टप्पाही मूत्रपिंडांतच पार पडतो, त्यामुळे अशा रुग्णांची हाडेही ठिसूळ होतात.

प्रश्न : रक्तातली आम्लता घालवणारे ‘अल्कलाइन’ पाणी मूत्रपिंडांना चांगले असते का?
— वाचक, नागपूर

उत्तर : रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे आम्ल बाहेर टाकून व बायकार्बोनेट परत घेऊन तो तिथे ठेवतात. त्यासाठी लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत खालीवर होतो. ते पाणी प्यायल्याने बदलला तर लघवीचा पीएच बदलेल, रक्ताचा नाही. पैसे वाचवावेत.

प्रश्न : डायलिसिसवर असलेल्या वडिलांना शहाळ्याचे पाणी देऊ नका असे सांगितले आहे. एरवी आजारी माणसाला आपण पहिल्यांदा शहाळेच नेतो. त्यात वाईट काय?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : शहाळे वाईट नाही; त्यातले पोटॅशियम वडिलांच्या शरीराबाहेर जाऊ शकत नाही, ही अडचण आहे. शरीरातले जवळजवळ सगळे, म्हणजे ९८ टक्के, पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्तात ते साडेतीन ते पाच एककांच्या दरम्यान ठेवावे लागते. हृदयाच्या ठोक्याची विद्युतलय या फरकावर चालते. निरोगी माणसाने शहाळे प्यायल्यावर जादा पोटॅशियम काही तासांत नळ्यांच्या शेवटच्या भागातून लघवीत सोडले जाते. डायलिसिसवरच्या रुग्णात पुढच्या डायलिसिसपर्यंत ते रक्तातच साचते, आणि दोन डायलिसिसमधले अंतर मोठे असेल तेव्हा हृदय अचानक थांबण्याइतकी पातळी गाठू शकते. बहुधा आधी काही लक्षणही दिसत नाही.

हाच नियम केळी, संत्री-मोसंबीचा रस, सुकामेवा आणि टोमॅटोचे सार यांना लागू होतो. बटाटा व इतर भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास बरेच पोटॅशियम निघून जाते. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. रक्तदाबासाठी म्हणून घरात आणलेले ते पाकीट वडिलांच्या ताटात येणार नाही याची खबरदारी घ्यावी. स्टारफ्रूट या नावाने बाजारात मिळणारे कमरख तर अशा रुग्णांनी एक फोडही खाऊ नये. त्यातले एक विष निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, पण ती निकामी असतील तर ते मेंदूपर्यंत पोहोचून न थांबणाऱ्या उचक्या, झटके आणि बेशुद्धी आणते. वडिलांना काय आणि किती चालेल, हे त्यांचा पोटॅशियमचा ताजा अहवाल घेऊन डायलिसिस केंद्रातल्या आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे, आणि भेटीला येणाऱ्यांना शहाळे आणू नका असे आधीच सांगून ठेवावे.